रोज किती आणि टनाला किती : किमान वेतनावरचा एक पेपर वाचताना

१९९३ साली ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अँड कल्चरल चेंज’ या नियतकालिकात महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर एक पेपर आला. लेखक मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी. शीर्षकातच प्रश्न विचारलाय : महाराष्ट्राची रोजगार हमी योजना रोजगाराची हमी देते का? पुढे उपशीर्षकात १९८८च्या वेतनवाढीचे परिणाम असा विषय. किमान वेतनावर किंवा मजुरांच्या चळवळींवर काम करायचं डोक्यात असेल तर हा पेपर वाचाच. पण भांडत वाचा. मी आज तेच करणार आहे.

आधी पेपरची गोष्ट. १९७२च्या दुष्काळातल्या कामांमधून हमी योजना उभी राहिली, १९७७ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम. मजुरी मात्र रोजाने ठरलेली नव्हती, ती मापावर होती. किती माती खोदली, किती खडी फोडली, त्यावर पैसे. दरपत्रक असं बसवलेलं की साधारण ताकदीच्या माणसाने दिवसात सात तास नीट काम केलं तर शेतमजुराच्या किमान वेतनाइतके पैसे त्याच्या हातात पडावेत. १९८८मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं, आणि हमीचे दर त्याला जोडलेले असल्यामुळे तेही वाढले. त्यानंतर कामांवरची हजेरी जोरात घसरली.

इथे लेखकांचा युक्तिवाद बघण्यासारखा आहे. मजुरी वाढली तर कामावर येणारे वाढायला हवेत, कमी कसे झाले? दोनच शक्यता. एक तर लोकांना कामाची गरज उरली नाही, किंवा मागूनही काम मिळालं नाही. अडचण अशी की सरकारी आकड्यांत हजेरी दिसते, मागणी दिसत नाही. जो माणूस ग्रामसेवकाकडे जाऊन परत आला तो कुठल्याच मस्टरवर नसतो. महिनावार हजेरीच्या आकड्यांतून, जुना कल पुढे चालू राहिला असता तर किती लोक आले असते आणि प्रत्यक्षात किती आले, हा फरक काढून लेखक दिसत नसलेल्या मागणीपर्यंत पोचतात. निष्कर्ष : १९८८नंतर कामाचं रेशनिंग सुरू झालं, हमी ढिली पडली. दिसत नसलेली गोष्ट दिसणाऱ्या आकड्यांतून कशी पकडायची याचा हा धडा आहे. पद्धतीच्या पेपरला बसणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी तो वाचावा.

वाचताना एक प्रश्न मात्र सतत जवळ ठेवा. १९८७ हे देशभरातल्या मोठ्या दुष्काळाचं साल, १९८८ला पाऊस चांगला झाला, १९८९मध्ये केंद्राची जवाहर रोजगार योजना आली. म्हणजे मजुरी वाढली त्याच्या आगेमागे हजेरी कमी करू शकतील अशा आणखी दोन गोष्टी घडल्या. कुठलाही ‘आधी–नंतर’ अभ्यास हातात आला की त्या तारखेच्या आसपास आणखी काय काय घडलं याची यादी आधी आपली आपण करायची, आणि मग लेखकांनी त्यातलं काय काय हिशोबात धरलंय ते बघायचं. उलट क्रमाने केलं तर लेखकांची यादीच आपल्याला पूर्ण वाटायला लागते.

माझं पहिलं भांडण पेपरपेक्षा तो ज्या तऱ्हेने पुढे सांगितला जातो त्याच्याशी आहे. सेमिनारमध्ये हा पेपर एका वाक्यात येतो : मजुरी दुप्पट केली आणि गरिबांचंच काम गेलं. ऐकणारा समजतो की बाजाराचा नियम सिद्ध झाला. पण हमीच्या कामावर बाजार कुठला? मालक सरकार, काम काढणारं सरकार, दर ठरवणारं सरकार, आणि काम देणं कायद्याने बंधनकारक. या योजनेसाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जात होता आणि सरकारने तितकीच भर घालायची होती. पैसा तेवढाच ठेवला आणि दर दुप्पट केला तर मनुष्यदिवस निम्मे होणार, याला अर्थशास्त्र लागत नाही, चौथीचा भागाकार पुरतो. पैसा तेवढाच ठेवायचा का, हा निर्णय कुणीतरी घेतला. ‘रेशनिंग’ हा लेखकांचा शब्द नेमका तिथेच बोट ठेवतो, आणि सांगताना नेमका तोच शब्द गळतो.

दुसरं भांडण पेपरशीच. त्यात मजुरी आभाळातून पडल्यासारखी वाढते. एका तारखेला ती इतकी होती, पुढच्या तारखेला तितकी झाली. गणितासाठी हे सोयीचं असतं, वाढ बाहेरून आली असं धरलं तरच परिणाम मोजता येतो. पण महाराष्ट्रातल्या शेतमजुरीचे आकडे असे आलेले नाहीत. १९७२मध्ये शहाद्याला (तेव्हा धुळे जिल्हा, आता नंदुरबार) अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या मागे भिल्ल सालदार आणि मजूर उभे राहिले, तेव्हा जमिनीबरोबर मजुरीचाही प्रश्न होता. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय खटल्यात सांगितलं की दुष्काळी कामावरसुद्धा किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाखालची वेठबिगारी. प्रकरण राजस्थानचं, पण सरकारी कामावर कमी मजुरी देण्याचा आधार सगळीकडेच गेला. चळवळ आणि कोर्ट यांचा दाब ज्या काळात वाढत होता त्याच काळात मजुरी वाढली. जिथे दाब जास्त तिथे कामं काढायलाही भाग पाडलं जात असेल, तर मजुरीचा परिणाम आणि संघटनेचा परिणाम वेगळा कसा काढणार? राज्यभराची बेरीज घेतली की हा प्रश्न विचारायची सोयच राहत नाही.

पण हे दोन्ही आक्षेप मी बाजूला ठेवायला तयार आहे. मला जास्त छळणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती फक्त या पेपरची नाही. माझी पदव्युत्तर पदवी विज्ञानातली. तिथे पहिल्या वर्षी एककं तपासायला शिकवतात : समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एककं जुळत नसतील तर पुढे वाचायचंच नाही. किमान वेतन कायद्यात लिहिलेलं असतं रुपये प्रतिदिवस. काम होतं घनमीटरमध्ये, किलोत, टनात. या दोघांमध्ये एक रूपांतराचा आकडा असतो, म्हणजे एका दिवसात किती घनमीटर, किती टन. हा आकडा कोण ठरवतं? वेतनाचा सगळा झगडा तिथे असतो, आणि बहुतेक अभ्यासांत त्या आकड्याचा स्तंभच नसतो. दरपत्रकात मजुरी दुप्पट झाली आणि माती कठीण आहे की मऊ याची नोंद बदलली, तर हातात काय येईल ते दरपत्रक सांगू शकत नाही.

किमान वेतनावरचा जगात सगळ्यात गाजलेला अभ्यास आठवा. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर, १९९४. अमेरिकेत १ एप्रिल १९९२ला न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड हॉटेलं आधी आणि नंतर विचारून घेतली. रोजगार घटल्याचं दिसलं नाही. ‘डिफरन्स-इन-डिफरन्स’ शिकवताना हेच उदाहरण देतात. २०००मध्ये न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांचा डेटा घेऊन त्याला आव्हान दिलं, कार्ड–क्रूगरनी त्याच वर्षी उत्तर दिलं, आणि २०२१ला कार्डना नोबेल मिळालं. वाद रंगला तो नोकऱ्या किती यावर. तास म्हणजे काय यावर कुणी भांडलं नाही. तिथे घड्याळ आहे.

इथे ते नाही. पोखर्णी, म्हणजे नृसिंहाचं पोखर्णी, परभणी–परळी लोहमार्गावरचं. इथून गंगाखेड, सोनपेठ, पालमकडे सरकत जा, दसरा–दिवाळीनंतर गावं रिकामी होताना दिसतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बोलण्यात ‘रोज किती’ असा प्रश्न येतच नाही. टनाला किती आणि उचल किती, एवढंच विचारतात. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फेडायला कोयता जातो, आणि कोयता म्हणजे एक माणूस नाही, जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून डोक्यावरून गाडीत भरतात. हिशोब एकच.

आता करारांकडे बघू. ऊसतोडीचा दर साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात ठरतो. आधी गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांचा लवाद, नंतर मुंडेंच्या जागी पंकजा मुंडे. ऑक्टोबर २०२०मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधल्या बैठकीत सरासरी १४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे २७३ रुपयांवर आला. त्या कराराची मुदत संपल्यावर संघटनांनी कोयता बंदचा इशारा दिला. १ नोव्हेंबर २०२३ला गाळप सुरू झालं, बोलणी चालूच राहिली, आणि जानेवारी २०२४मध्ये पुण्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनाला साधारण ३६६ रुपये. मुकादमाचं कमिशन वेगळं. संघटनांचा एक मुद्दा मला फार नेमका वाटतो : हार्वेस्टरला टनामागे जास्त देता, मग त्याच उसाला हात लावणाऱ्या माणसाला कमी का? मागणी एककातच मांडलेली आहे. टन तोच आहे, तोडणारा बदलला की किंमत बदलते.

३४ टक्के ही मोठी वाढ आहे, कमी लेखायचं कारण नाही. अशी वाढ मिळते ती कोयत्याला हंगामात वजन असतं म्हणून. पिकून उभा राहिलेला आणि तोडून पडून राहिलेला ऊस, दोन्हींत साखर घटत जाते, त्यामुळे कारखान्याला थांबणं परवडत नाही. पण संशोधकाने विचारायचं ते असं : कशाच्या ३४ टक्के?

एक योगायोग बघा. २०२३-२४मध्ये मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. आणि जुन्या करारात ऊसतोडीचा दर टनाला २७३ रुपये. आकडा तोच, एकक वेगळं. आता समजा एक कोयता दिवसात दोन टन तोडतो. जुन्या दराने ५४६ रुपये, दोघांत वाटले तर माणशी २७३. बरोबर मनरेगाइतके. दीड टनच झाला तर माणशी २०५च्या आत. आता तास घाला. समजा पहाटेपासून गाडी भरेपर्यंत बारा तास गेले. तर २७३ भागिले १२, ताशी पावणेतेवीस रुपये. मनरेगाचा दिवस आठ तासांचा धरला तर ताशी ३४. आणि ३४ टक्के वाढ झाल्यावर? दोन टनांना ७३२, माणशी ३६६, भागिले १२, ताशी साडेतीस. म्हणजे या गृहीतांवर वाढीनंतरचा तोडणीचा तास त्या वर्षीच्या मनरेगाच्या तासाखालीच राहतो. माझी गृहीतं बदलून बघा, दोनाच्या जागी अडीच टन घाला, बाराच्या जागी दहा तास. उत्तर लगेच उलटतं. निकाल दरापेक्षा त्या दोन आकड्यांवर जास्त हलतो, आणि ते दोन आकडे करारात कुठेच नाहीत. (मनरेगाची मजुरीही मापावरच होती, तेव्हा तिथलेही २७३ म्हणजे हातात पडलेले २७३ नव्हेत. तुलना तेवढी सावधपणेच घ्या.)

आणि बारा तासांतले सगळे तोडणीचे नसतात. गाडी आली नाही म्हणून फडात बसून राहणं, कारखान्यावर नंबर लागायची वाट, पाऊस पडून रान चिखल झालं म्हणून गेलेला दिवस, हे टनात उमटत नाही. आजारपणाचा दिवस तर उलटा उमटतो, खाडा म्हणून मजुराकडून पैसे कापले जातात. गाडी सेंटरवाल्यांचा दिवस वेगळा, डोकी सेंटरवाल्यांचा वेगळा.

कायद्याला हे माहीत होतं. १९४८च्या किमान वेतन कायद्याचं १७वं कलम साधं होतं : काम नगावर असेल, पण किमान दर वेळेवर ठरलेला असेल, तर मालकाने वेळेच्या किमान दरापेक्षा कमी द्यायचं नाही. तीच तरतूद २०१९च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे टनाचा हिशोब तासाच्या हिशोबाखाली जाता कामा नये. पण त्यासाठी आधी तास कुणीतरी लिहायला हवेत, आणि मालक कोण ते ठरायला हवं. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी.

जोडीच्या हिशोबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे किमान वेतन किती असावं याचं जे सूत्र चळवळी आजही मागतात ते १९५७च्या १५व्या भारतीय श्रम परिषदेचं. एका कमावत्यामागे तीन उपभोग एककं, माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन वगैरेसाठी २० टक्के. १९९१च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी आणखी २५ टक्के जोडले. तीन एककं अशी : पुरुष १, बाई ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. आणि स्पष्ट अट : बायकामुलांची कमाई धरायची नाही. म्हणजे एकट्याच्या मजुरीत सगळं घर चालायला हवं. आता कोयत्याचे ५४६ किंवा ७३२ रुपये घ्या आणि एका किमान वेतनाशेजारी ठेवा. दिसायला बरे दिसतात. पण त्या पैशात दोन माणसांचा दिवस आहे, म्हणून तुलना दोन किमान वेतनांशी करायला हवी. कुटुंबाचं उत्पन्न विचारणारी प्रश्नावली घेऊन गेलात तर हा फरक तुमच्या डेटात येणारच नाही. जेवणाऱ्यांच्या यादीत बाईचं ०.८ लिहिलेलं असतं, कमावणाऱ्यांच्या यादीत तिचं नावच नसतं.

मग ऊसतोडीवर न्यू जर्सीसारखा अभ्यास करता येईल का? तुमच्यापैकी कुणाच्या तरी डोक्यात हे आलं असेल. करार राज्यभर एकाच वेळी लागू होतो, त्यामुळे राज्याच्या आत पेनसिल्व्हेनिया नाही. सीमा मात्र आहे. कोल्हापूरचे कारखाने इकडे, बेळगावचे तिकडे, आणि महाराष्ट्रातला करार कर्नाटकातल्या कारखान्याला लागू नाही. कागदावर झकास कंट्रोल ग्रुप. पण मराठवाड्यातल्या टोळ्या दोन्हीकडे जातात. मुकादम दसऱ्याआधी दोन्हीकडचे भाव बघूनच टोळी ठरवतो. इकडचा दर वाढला की तिकडच्या कारखान्याला उचल वाढवावी लागते किंवा टोळी गमवावी लागते. तुलनेसाठी ठेवलेला गट स्वतःच चालत इकडे येतो, किंवा न येण्याची किंमत मागतो. म्हणजे फरक काढला तर तो कमी दिसणार, आणि तुम्ही लिहिणार की कराराचा परिणाम नगण्य. वाढीतला काही भाग सीमेपलीकडच्या मजुरांच्याही खिशात गेला असेल, तो तुमच्या वजाबाकीत पुसला जाईल.

एकाच संघाने सगळ्या कारखान्यांच्या वतीने दर ठरवणं, ही पाठ्यपुस्तकातल्या ‘मोनॉप्सनी’च्या, म्हणजे श्रमाचा एकच खरेदीदार असण्याच्या, फार जवळची परिस्थिती आहे. तिथे दर वाढल्यावर रोजगार घटलाच पाहिजे असं सिद्धांतही म्हणत नाही. हार्वेस्टरची भीती खरी आहे, पण तिचं उत्तर पुन्हा टनामागच्या दोन दरांच्या फरकात शोधावं लागेल.

रॅव्हेलियन, दत्त आणि चौधरींनी हजेरीतून मागणी काढली, कारण मागणी कुणी लिहून ठेवली नव्हती. ऊसतोडीत तास कुणी लिहून ठेवत नाही, पण टन लिहिलेले असतात. प्रत्येक गाडीची काट्यावरची पावती असते, त्यावर तारीख, वेळ आणि वजन. काट्याबद्दल मजुरांना संशय असतो, तेव्हा मापनातली त्रुटी किती आणि कुठल्या दिशेने, हाही अभ्यासाचाच भाग धरा. या पावत्यांना टोळीतल्या दहा–बारा कोयत्यांची वेळेची डायरी जोडली, उठलो कधी, फडात कधी, गाडी कधी आली, रिकामे किती बसलो, आणि ती नवरा आणि बायको दोघांकडून वेगळी वेगळी घेतली, तर त्या टोळीपुरता का होईना, रूपांतराचा आकडा हातात येईल. पुढच्या वाटाघाटीत टक्केवारी मागताना संघटनांच्याही उपयोगी पडेल असा तो आकडा आहे. डायरी हंगाम चालू असतानाच भरून घ्या, तळावर जाऊन. एप्रिलमध्ये लोक गावी परतल्यावर विचारलंत तर उत्तर टनात आणि उचलीतच मिळेल.